ब कावीळ: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

गावात रक्तदान शिबिर झालं की आठ-पंधरा दिवसांत माझ्या फोनवर हिपॅटायटिस बीच्या (म्हणजे ब कावीळच्या) रिपोर्टांचे फोटो यायला लागतात. कधी चोपड्याहून, कधी शिरपूरहून, कधी नवापूरहून. फोटोखाली बहुधा एकच ओळ असते: ‘डॉक्टर, पॉझिटिव्ह म्हणजे काय?’ तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमचे रिपोर्ट समोर ठेवून बघणारा डॉक्टर तरीही लागेलच.

१. हिपॅटायटिस बी म्हणजे कावीळच ना? मग माझे डोळे पिवळे का नाहीत?

कावीळ हे लक्षण आहे, एका आजाराचं नाव नाही. रक्तातलं बिलिरुबिन वाढलं की डोळे आणि लघवी पिवळी होते. त्याची कारणं पुष्कळ: दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई, दारू, पित्तनळीत अडकलेला खडा. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकल सेलमुळेही डोळे पिवळे दिसतात. हिपॅटायटिस बी हा रक्तातून पसरणारा विषाणू आहे. तो यकृतात मुक्काम करतो आणि बहुतेकांना वीस-तीस वर्षं काहीही जाणवू देत नाही. डोळे पिवळे होतात तेव्हा कधी कधी यकृताचा बराचसा भाग वाळून गेलेला असतो. ‘माले काहीच तरास नही, मंग गोळी कसाले?’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. त्रास नाही हे खरंच असतं. त्यावरून यकृत ठीक आहे असं मात्र म्हणता येत नाही, ते रक्त तपासूनच कळतं.

लोक ‘पांढरी कावीळ’, ‘काळी कावीळ’ असेही शब्द वापरतात. एका गावात त्याचा अर्थ रक्त कमी असणं, दुसऱ्या गावात हिपॅटायटिस बी. म्हणून डॉक्टरांशी बोलताना रंग सांगू नका, रिपोर्ट दाखवा.

२. रक्तपेढीतून फोन आला, एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे म्हणाले. आता पहिलं काय करू?

एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगात आहे का ते सांगणारी रक्तचाचणी. घाबरून रात्रीच मुंबई गाठायची गरज नाही. आणि कागद कपाटात टाकून विसरायचाही नाही. रक्तपेढीला प्रत्येक पिशवी हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासावीच लागते. त्यातून निघालेला निकाल हा इशारा असतो. पुढची पायरी म्हणजे चांगल्या प्रयोगशाळेत तीच चाचणी पुन्हा करणं. पुन्हा पॉझिटिव्ह आली तर यकृताच्या चाचण्या, प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीसाठी), पोटाची सोनोग्राफी, एचबीईएजी (प्रश्न ६ बघा) आणि विषाणूचा डीएनए, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते. सोबत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी बघून घ्यावं.

सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी पॉझिटिव्ह राहिली तर तो जुनाट संसर्ग धरतात. चाळिशीतल्या, काहीच त्रास नसलेल्या माणसात ती शिबिरात सापडली असेल तर ती बहुधा जुनीच असते. सहा महिने थांबून मग बाकीच्या तपासण्या करू, असं करू नका.

खर्चाचं म्हणाल तर २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार यांपैकी जवळच्या जिल्ह्यातल्या सिव्हिलमध्ये किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ‘हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे आहे’ असं विचारा. केसपेपरच्या रांगेत नुसतं ‘कावीळ आहे’ म्हणालात तर भलत्याच खोलीत पाठवतील.

३. मला दारू नाही, बाहेरचा नाद नाही. मग हे आलं कुठून?

या प्रश्नामागची लाज मला आधी बाजूला काढायची असते. जुनाट संसर्ग झालेल्या मोठ्या माणसांपैकी पुष्कळांना तो आईकडून जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी लागलेला असतो. हिशोब असा: जन्मताना विषाणू शिरला तर १०० पैकी सुमारे ९० बाळांमध्ये तो कायम राहतो. धडधाकट मोठ्या माणसात शिरला तर १०० पैकी ५ पेक्षा कमी जणांमध्ये राहतो, बाकीचे त्याला स्वतःच हुसकावून लावतात. म्हणजे आज तुमच्या रक्तात जे दिसतं त्याचा तुमच्या आजच्या चालचलणुकीशी संबंध नसण्याचीच शक्यता जास्त.

आईखेरीजचे मार्ग: न उकळलेली किंवा पुन्हा वापरलेली सुई, असुरक्षित शरीरसंबंध, एकच वस्तरा, यात्रेत एकाच सुईने दहा जणांच्या हातावर केलेलं गोंदण, कान टोचणं, जुन्या काळातलं न तपासलेलं रक्त. शरीराबाहेर सांडलेल्या रक्तातही हा विषाणू निदान ७ दिवस जिवंत राहतो, त्यामुळे सुकलेला डाग निरुपद्रवी समजू नये. सुईबद्दल तर आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. २००९ मध्ये गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि कितीतरी माणसं दगावली. ताप आला की ‘एक इंजेक्शन मारा, लवकर उतरतो’ हा आपला आग्रह तेव्हापासून मला खटकतो. घ्यावंच लागलं तर पाकीट डोळ्यांसमोर फोडायला सांगा. त्यात कुणाचा अपमान नाही.

४. घरात ताट-वाटी, अंथरूण वेगळं करावं का? मुलांना जवळ घेऊ का?

ताट वेगळं करू नका, मुलांना जवळ घ्या. एका ताटात जेवणं, एका माठाचं पाणी, खोकला, मिठी, डास, एकच संडास, यांतून हा आजार पसरत नाही. सासूने सुनेची भांडी वेगळी मांडलेली मी पाहिली आहेत, आणि त्याच घरात दाढीचं ब्लेड मात्र सगळ्यांचं एक होतं.

वेगळं ठेवायचं ते एवढंच: ब्लेड-वस्तरा, टूथब्रश, नखं काढायचं नेलकटर, कानातल्या सुया. जखम झाकून ठेवायची. रक्त सांडलं तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून पुसायचं आणि जागा ब्लिचिंगच्या पाण्याने धुवायची. सलूनमध्ये नवं ब्लेड मागा. नवरा-बायकोसाठी प्रश्न १४ बघा.

५. मग घरातल्या कोणाकोणाला तपासायचं?

आई, भावंडं, नवरा किंवा बायको, सगळी मुलं. वडिलांचीही करून टाकावी. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली असली तरी ती या यादीत आहे. एका माणसाचा रिपोर्ट आला आणि आईला, चार भावंडांना तपासलं तर आणखी दोघं सापडतात, असं माझ्याकडे अनेकदा झालं आहे. मला विचाराल तर तुमचा रिपोर्ट घरच्यांच्या कामी पहिला येतो.

चाचण्या तीन मागा: एचबीएसएजी (विषाणू आहे का), अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का) आणि अँटी-एचबीसी टोटल (कधी येऊन गेला का). तिन्ही निगेटिव्ह असतील तर लस: आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी, असे ३ डोस. तिन्ही चाचण्यांना पैसे नसतील तर निदान पहिली करा. निगेटिव्ह आली तर लस सुरू करा. आधी कधी संसर्ग होऊन गेलेल्याला लस दिली तर नुकसान होत नाही.

६. रिपोर्टमध्ये इतकी इंग्रजी अक्षरं आहेत. ‘एचबीईएजी निगेटिव्ह’ म्हणजे बरा झालो का?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. एचबीएसएजी आणि एचबीईएजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मधलं एक अक्षर बदललं की अर्थ बदलतो. ‘एस’वालं पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू अंगात आहे. ‘ई’वालं पॉझिटिव्ह म्हणजे तो जोरात वाढतो आहे आणि सहज पसरतो. ‘ई’ निगेटिव्ह झालं तर बऱ्याचदा विषाणू शांत झालेला असतो. पण काही जणांत विषाणूने स्वतःत बदल केलेला असतो, तो ‘ई’ बनवतच नाही आणि तरी यकृत पोखरत राहतो. आपल्या देशात असे रुग्ण भरपूर आहेत. हे ओळखायला डीएनए आणि एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा होते आहे का ते सांगणारी रक्तचाचणी) एकत्र बघावे लागतात.

एसजीपीटीबद्दल एक खुबी सांगतो. प्रयोगशाळेच्या कागदावर वरची मर्यादा ४० ते ५५ च्या आसपास छापलेली असते. हिपॅटायटिस बीसाठी जागतिक आरोग्य संघटना पुरुषांना ३० आणि बायकांना १९ धरते. म्हणजे ‘नॉर्मल’ छापून आलेला ४२ हा आकडा आपल्या कामासाठी नॉर्मल नाही.

७. एक डॉक्टर म्हणतात गोळी सुरू करा, दुसरे म्हणतात गरज नाही. खरं कोणाचं?

कदाचित दोघांचंही. गोळी सुरू करण्याच्या रेषा गेल्या काही वर्षांत खाली आल्या आहेत आणि सगळे डॉक्टर एकाच वर्षाची मार्गदर्शिका वाचत नाहीत.

ज्यावर वाद नाही ते आधी. यकृत वाळलेलं असेल, म्हणजे सिरॉसिस असेल, तर डीएनए आणि एसजीपीटी कितीही असोत, औषध लागतंच. पोटात पाणी झालं असेल, रक्ताची उलटी झाली असेल तर आजपासून.

सिरॉसिस नसेल तर २०२४ च्या जागतिक मार्गदर्शिकेप्रमाणे यांपैकी एक गोष्ट पुरे: यकृतात बऱ्यापैकी तंतू (जुन्या सुजेचे व्रण) जमा झालेले असणं. किंवा डीएनए २,००० आंतरराष्ट्रीय एककांहून जास्त आणि सोबत वर सांगितल्याप्रमाणे वाढलेला एसजीपीटी. किंवा सोबतचा काही धोका, जसं की एचआयव्ही, मधुमेह, फॅटी लिव्हर, घराण्यात यकृताचा कर्करोग किंवा सिरॉसिस, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं.

तंतू मोजायला फायब्रोस्कॅन असतो, तो यकृताचा कडकपणा मोजतो. कडकपणा ७ किलोपास्कलच्या वर गेला तर तंतू बरेच, १२.५ च्या वर गेला तर सिरॉसिस धरतात. तो जवळपास नसेल तर साध्या रक्तातून एपीआरआय हा अंक काढता येतो, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर. एसजीओटीला (यकृताचीच दुसरी रक्तचाचणी) प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेने भागा, आलेल्या आकड्याला प्लेटलेटच्या हजारांनी भागा आणि १०० ने गुणा. समजा एसजीओटी ६०, मर्यादा ४०, प्लेटलेट २ लाख. ६० भागिले ४० म्हणजे १.५, भागिले २००, गुणिले १००: उत्तर ०.७५. अर्ध्याच्या वर म्हणजे तंतू बरेच असण्याची शक्यता, १ च्या वर म्हणजे सिरॉसिसची. डेंग्यूत प्लेटलेट पडलेल्या असताना हा हिशोब करू नका, उगाच झोप उडेल.

राहिले ते लोक, ज्यांचा डीएनए कमी, एसजीपीटी खरोखर नॉर्मल, यकृत मऊ. त्यांना आज गोळी लागत नाही, पण दर ६ ते १२ महिन्यांनी तपासणी लागते. ‘गरज नाही’ या शब्दांचा अर्थ ‘आज गरज नाही’ असा घ्या. आणि विशी-पंचविशीतली काही मुलं असतात, डीएनए कोटींत आणि बाकी सगळं ठीक. त्यांच्याबाबत डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही. अशा वेळी यकृताच्या तज्ज्ञाला एकदा तरी दाखवावं.

८. गोळ्या कोणत्या? त्रास होतो का?

दोनच नावं लक्षात ठेवा: टेनोफोव्हिर आणि एन्टेकाव्हिर. टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, दिवसातून एक, जेवणाआधी किंवा नंतर कधीही. एन्टेकाव्हिर ०.५ मिलिग्रॅम, पण रिकाम्या पोटी, जेवणाच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास सोडून. शेतावर लवकर जाणाऱ्याला एन्टेकाव्हिर रात्री झोपताना सोयीची पडते.

टेनोफोव्हिरने काहींच्या किडनीवर आणि हाडांवर परिणाम होतो, म्हणून क्रिएटिनिन अधूनमधून बघावं लागतं. किडनी आधीच कमजोर असेल तर एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरचाच दुसरा प्रकार, टाफ, देतात. इंजेक्शनचा उपचार म्हणजे इंटरफेरॉन, तो निवडक लोकांसाठी आहे. जुनी लॅमिव्ह्युडिन एकटी अजून कुणी लिहून दिली असेल तर विचारा, कारण तिला विषाणू लवकर सरावतो.

९. वर्षभर गोळी घेतली, डीएनए ‘सापडला नाही’ असा रिपोर्ट आला. आता बंद करू?

मनाने बंद करू नका. सापडला नाही तो रक्तात. यकृताच्या पेशीच्या गाभ्यात विषाणूचं बियाणं बसलेलं असतं आणि आजचं कुठलंही औषध ते उपटून काढत नाही. गोळी पीक उगवू देत नाही, एवढंच. गोळी बंद झाली की ते पुन्हा उगवतं, आणि कधी कधी असं जोरात उगवतं की महिना-दोन महिन्यांत यकृत बंद पडण्याची वेळ येते. बंद केल्यावर कावीळ झाली तर आधी हीच शंका घ्यायची.

मग कायमची का? बऱ्याच जणांना अनेक वर्षं, सिरॉसिसवाल्यांना कायमची. एचबीएसएजीच निगेटिव्ह झाली आणि तशीच राहिली तर बंद करण्याचा विचार होतो, पण ते भाग्य वर्षाला शंभरात एखाद्याच्या वाट्याला येतं. एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

१०. आमच्या गावाजवळ कावीळ उतरवतात. तिथे जाऊन आल्यावर काय बिघडतं?

हे उत्तर लांबणार. कारण चिडून सोडून दिलं तर माणूस माझ्याकडेही येत नाही आणि तिकडेही जातो.

उतरवणाऱ्याचं नाव का होतं ते बघा. पावसाळ्यात पाण्यातून येणारी ए आणि ई ची कावीळ बहुतेकांना चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात गळ्यात माळ घातली तर माळ जिंकते, ग्लुकोज पाजलं तर ग्लुकोज जिंकतं. ती माळ ओल्या काड्यांची असते. काड्या सुकून आकसतात, सैल गाठी सरकतात आणि माळ लांबत लांबत पोटावर येते. निरोगी माणसाच्या गळ्यातही लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, ते आधी हाताला चोळलेल्या सालीच्या रसामुळे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग कुणाच्याही हातावर करून दाखवतात. नाकात कडू फळाचा रस टाकला की पिवळं पाणी वाहतं, ते नाकाच्या आतल्या त्वचेला झालेल्या जखमेचं.

हिपॅटायटिस बीत या सगळ्याचा खरा तोटा वेळेचा आहे. पिवळेपणा उतरतो, माणूस बरा झालो म्हणून घरी जातो आणि आत विषाणू तसाच राहतो.

भुईआवळीचं विचाराल तर ती गोष्ट निराळी, तिची टिंगल करायची नाही. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की महिनाभर भुईआवळी घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांची एचबीएसएजी निगेटिव्ह झाली. लेखकांत बरूच ब्लूमबर्ग होते, म्हणजे ज्यांनी हा विषाणू शोधला आणि १९७६ चं नोबेल मिळवलं तेच. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. इतक्या मोठ्या माणसाचं नाव असूनही पुढच्या प्रयोगांत तो निकाल इतरांना मिळाला नाही, आणि शास्त्रात पुन्हा न मिळणारा निकाल धरत नाहीत. आणि ‘पाल्याने अपाय तर होत नाही’ असंही म्हणू नका. अनोळखी पुड्यांनी यकृताला सूज आलेले रुग्ण येतात, आणि आधीच हिपॅटायटिस बी असलेल्या यकृताला तो धक्का झेपत नाही.

११. पथ्य काय? हळद-तेल बंद करू का?

बंद करू नका. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी, सगळं चालतं. तर्री रोज वाटीभर नको, पण ते कुणालाच नको. महिनोन्महिने उसाचा रस आणि बिनफोडणीचं वरण खाऊन माणसं नुसती खंगतात, आणि मधुमेह असेल तर रसाने साखर चढते ती वेगळीच.

बंदी दोन गोष्टींवर. पहिली दारू, मग ती मोहाची असो की दुकानातली. ‘मोहाची शुद्ध असते’ हा युक्तिवाद यकृताला कळत नाही. दुसरी गोष्ट लोकांना ठाऊक नसते: बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन आणि हिपॅटायटिस बी एकत्र आले की यकृताच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. पावसात भिजलेली भुईमुगाची रास पुन्हा वाळवून घरी खायला ठेवायची आणि चांगली विकायची, ही सवय मोडा. काळपट, आक्रसलेला, कडवट दाणा फेकायचा. भाजून किंवा तळून ते विष पुरेसं जात नाही. कॉफी चालते, उलट यकृताला बरी असल्याचं दिसलं आहे.

१२. मी पाच महिन्यांची गरोदर आहे आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. बाळाला होणारच का?

ताई, नीट नियोजन केलं तर बहुधा नाही होणार. तीन गोष्टी वेळेवर झाल्या पाहिजेत. पहिली, तुमचा डीएनए तपासायचा. तो २ लाख एककांच्या वर असेल, किंवा डीएनए करता येत नाही आणि एचबीईएजी पॉझिटिव्ह आहे, तर टेनोफोव्हिर सुरू करतात. पूर्वी सातव्या महिन्यापासून देत, आता त्याआधीही देतात. बाळाला ती सुरक्षित आहे. दुसरी, बाळंतपण दवाखान्यातच, आणि तिथे आधीच सांगून ठेवायचं. तिसरी, बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, लसीचा पहिला डोस आणि शक्यतो १२ तासांत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन. हे दुसरं इंजेक्शन ऐन वेळी शोधायला गेलं की मिळत नाही. आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा की ते आणून ठेवलं आहे का.

फक्त या कारणासाठी सिझेरियन लागत नाही. अंगावरचं दूध पाजा, गोळी चालू असली तरी. बाळाची तपासणी ९ ते १२ महिन्यांचं झाल्यावर करायची, त्याआधी केली तर रिपोर्ट फसवतो.

१३. बाळ घरीच झालं, पहिली लस राहून गेली. आता?

अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून, विशेषतः पावसाळ्यात, हा प्रश्न येतो. सरकारी वेळापत्रकात जन्माचा डोस २४ तासांपर्यंतच देतात. तो हुकला तर ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीत हीच लस असते, ती चुकवू नका. आई पॉझिटिव्ह असेल तर मात्र सहा आठवडे थांबायचं नाही. एक-दोन दिवस उलटून गेले असले तरी बाळाला थेट जिल्हा रुग्णालयात न्या, उशिरा दिलेली लसही न देण्यापेक्षा बरी. आशाताईला आईचा रिपोर्ट माहीत असू द्या, ती तारखा विसरत नाही.

१४. लग्न ठरतंय. सांगावं का?

सांगावं. माझं मत यात पक्कं आहे, कारण समोरच्याला वाचवणारी लस आहे आणि ती लग्नाआधी सहा महिने सुरू करावी लागते. होणाऱ्या जोडीदाराने प्रश्न ५ मधल्या तपासण्या करायच्या, ३ डोस घ्यायचे आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस बघायची. १० किंवा जास्त आली की संरक्षण आहे. तोवर निरोध. यानंतर संसार, मुलंबाळं सगळं नेहमीसारखं. साखरपुड्यानंतर कळल्यामुळे मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. आधी सांगून, दोघांनी माझ्यासमोर बसून विचारून जमलेलीही पाहिली आहेत, आणि त्यांची संख्या कमी नाही.

१५. आखाती देशात नोकरी लागली, मेडिकलमध्ये अडकेल का?

एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर आखाती देशांच्या तपासणीत बहुधा नापास करतात. गोळ्या घेऊन ती तपासणी निगेटिव्ह करून देतो म्हणणारा एजंट तुमचे पैसे खातो (कारण प्रश्न ९ मध्ये). इथली शेती, दुकान, गिरणी, शिक्षकी यांपैकी कशालाही हा आजार आड येत नाही.

१६. दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला गुजरातेत जातो. गोळ्यांचं काय?

निघायच्या पंधरा दिवस आधी केंद्रात जाऊन किती महिने बाहेर राहणार ते सांगा आणि जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. कार्यक्रम देशभराचा आहे, म्हणून केसपेपर आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तिकडच्या सरकारी रुग्णालयातही विचारता येतं. सुरतेत लूमवर असलेल्यांनाही हेच. गोळ्या संपल्या म्हणून होळीपर्यंत थांबू नका.

१७. सगळं नॉर्मल आहे, मग दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कशाला?

यकृताच्या कर्करोगासाठी. हिपॅटायटिस बीत तो कधी कधी सिरॉसिस न होताही होतो. गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडली तर काढता किंवा जाळता येते, पोटात दुखायला लागल्यावर सापडली तर फारसं हातात राहत नाही. सिरॉसिस असलेले, घरात कुणाला हा कर्करोग झालेले, चाळिशीपुढचे पुरुष आणि पन्नाशीपुढच्या बायका, यांनी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी ही रक्ततपासणी करावी. गोळीने धोका घटतो, शून्य होत नाही.

१८. गुडघ्यांसाठी एका ठिकाणच्या पुड्या घेतो, फार गुण आहे. चालतील?

इतका झटपट गुण येतो तिथे पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. स्टेरॉइड, केमोथेरपी, सांधेवाताची काही इंजेक्शनं शरीराची पहारेकरी यंत्रणा झोपवतात, आणि शांत बसलेला हिपॅटायटिस बी उठतो. केमो सुरू होण्याआधी प्रत्येकाची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी झालीच पाहिजे. तुमचं झालं नसेल तर स्वतः आठवण करा. पॉझिटिव्ह निघाल्यास आधी गोळी, मग केमो.

१९. एचबीएसएजी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह. हे काय?

बहुधा विषाणू कधीतरी येऊन गेला आणि तुम्ही त्याला हरवलंत. अँटी-एचबीएसही पॉझिटिव्ह असेल तर जवळपास नक्की. उपचार नको, लस नको. फक्त हा कागद जपून ठेवा, कारण प्रश्न १८ मधली औषधं घ्यायची वेळ आली तर तो लागेल.

२०. लस घेतली आणि आठवड्यातच तपासलं तर एचबीएसएजी पॉझिटिव्ह! लसीने झाला का?

लसीने होत नाही. लसीत विषाणू नसतो, त्याच्या कवचाचा तुकडा असतो, आणि चाचणी नेमका तोच तुकडा शोधते. दोन-तीन आठवडे तो रक्तात सापडू शकतो. महिन्याने पुन्हा तपासा. क्रम नेहमी आधी तपासणी, मग लस असाच ठेवा.

आणि ३ डोसनंतरही अँटी-एचबीएस १० च्या खाली राहिली तर ३ डोसांचा दुसरा फेरा घ्यायचा. त्यानेही नाही वाढली तर एचबीएसएजी तपासून घ्यायची. त्या माणसाला आधीपासूनच संसर्ग असल्याचं कधी कधी तेव्हा उघड होतं.

२१. मी दवाखान्यात सफाईचं काम करते. कचऱ्यातली सुई बोटाला टोचली.

बोट पिळत बसू नका, तोंडात घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच वरिष्ठांना सांगून नोंद करायला लावा. तुमची लस पूर्ण झालेली असेल आणि अँटी-एचबीएस कधीतरी १० च्या वर आलेली असेल तर हिपॅटायटिस बीसाठी काही लागत नाही. लस घेतलेलीच नसेल तर पहिला डोस आजच, आणि रुग्ण पॉझिटिव्ह असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही, शक्यतो २४ तासांत आणि फार तर ७ दिवसांत. एचआयव्हीसाठीची गोळी वेगळी असते, ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते, म्हणून उद्या सकाळवर ढकलू नका. सुई कुणाची होती ते कळत नसेल तर ती पॉझिटिव्ह रुग्णाची होती असंच धरून चला.